गुरुवारच्या ओपीडीत पाय कोण धरतं

इथले अनुभव मी बरेच दिवस वाचतेय, आणि खरं सांगायचं तर निम्म्यांवर हसते. कुणाला वळणावर बाई दिसते, कुणाच्या खोलीतला पंखा आपोआप फिरतो... अरे, आधी वायरिंग तपासा की. मी नर्स आहे. सगळी उमर दवाखान्यात गेली. मयतं पाहिली, पुसली, गुंडाळली आणि हात धुऊन डबा खाल्ला. भूतबित असतं तर सगळ्यात आधी आम्हा नर्स लोकांना भेटायला आलं असतं, असं माझं साधं म्हणणं होतं. 'होतं' म्हणतेय, कारण आता काय म्हणावं ते मला कळत नाही. कमेंटमध्ये कुणी लिंबू-मिरच्या सुचवू नका, आणि 'ताई, मनाचे खेळ असतात' हेही नको. दोन्ही माझं स्वतःला सांगून झालंय.

मी अमरावतीला एका पेन क्लिनिकमध्ये काम करते. पेन क्लिनिक म्हणजे काय हे आमच्याकडे अजून अर्ध्या लोकांना माहीत नाही. कुणी विचारलं तर मी सांगते, नुसत्या दुखण्याचा दवाखाना. मान, कंबर, खांदा, गुडघा, नाहीतर नागीण होऊन गेल्यावर मागे राहते ती आग... आमचे सर बारीक सुईने नेमक्या नसेजवळ औषध सोडतात. टाके नाहीत, अ‍ॅडमिट नाही. चहाच्या वेळेला माणूस घरी.

दर गुरुवारी आम्ही अकोल्याला जातो. सर गाडी चालवतात, मी शेजारी, औषधांची पेटी मागच्या सीटवर. तिथे एका मेडिकल स्टोअरच्या वर पहिल्या मजल्यावर भाड्याच्या दोन खोल्या आहेत. बाहेरच्या खोलीत प्लास्टिकच्या खुर्च्या, आतल्या खोलीत प्रोसिजरचं टेबल. हे टेबल कसं आहे ते नीट सांगते, कारण पुढे त्याचंच काम आहे. डोक्याकडे मॉनिटर आणि ऑक्सिजनचा सिलिंडर. एका अंगाला खिडकी, दुसऱ्या अंगाला दार. पायाकडे कोरी भिंत. टेबल आणि भिंत यांच्यामध्ये एक माणूस अंग चोरून उभा राहील एवढीच जागा. तिथे कुणी उभं राहत नाही. झाडूसुद्धा तिथे जेमतेम जातो.

आता चक्कर. सुई पाहून, नाहीतर नुसती टोचल्यावर, काही लोक बेशुद्ध होतात. सर त्याला इंग्रजीत लांबलचक नाव सांगतात. मी सांगते, घाबरून मेंदूने मेन स्विच पाडला. नाडी मंदावते, बीपी पडतं, माणूस गार. आणि पडतात कोण माहीत आहे का? बायका नाही. खांद्यावर कापसाचे बोजे टाकून चढणारे, मिशीवाले, 'सिस्टर, आपल्याले काही होत नाही' म्हणणारे गडी. आधी जांभई येते. मग ओठ पांढरे पडतात, कपाळावर दव धरतं. जांभई दिसली की मी सरांना म्हणते थांबा. सुई बाहेर, माणूस आडवा, पायाखाली तिरकी जाड उशी. पाय वर गेले की रक्त डोक्याकडे परततं आणि बहुतेक जण आपले आपणच डोळे उघडतात. एवढं सोपं आहे. पण नातेवाईक सोपं ठेवू देतील तर शपथ! माणूस पडला रे पडला की चार जण त्याला उचलून बसवणार, तोंडात पाणी ओतणार, कुणीतरी कांदा फोडणार, कुणीतरी पायातली चप्पल काढून नाकाशी धरणार. एकदा मी अशी एक चप्पल खिडकीतून खाली फेकून दिली होती. ती रसवंतीवाल्याच्या छपरावर पडली. असो.

त्यात अकोल्याची ओपीडी गुरुवारची. आमच्या भागात महाराजांचा गुरुवार किती जण धरतात ते इकडच्यांना सांगायला नको. शिवाय 'प्रोसिजर' हा शब्द ऐकून लोक ऑपरेशनसारखं पाणीसुद्धा न पिता येतात. फोनवर सांगा, चिठ्ठीवर लिहा, खाऊन या म्हणून... काही उपयोग नाही. आणि विचारलं तर धडधडीत 'खाल्लं' म्हणतात, कारण सिस्टर रागावते. रागावतेच. उपाशी माणूस सुईपुढे बसवला की तो पडणारच.

सुरुवात झाली ती दर्यापूरकडच्या एका काळी-पिवळी जीपवाल्यापासून. मानेत इंजेक्शन घेताना आडवा झाला. मी बीपीचा पट्टा बांधलेला दंड धरून बाजूला, सर डोक्याशी, पाय उशीवर. डोळे उघडले तसे त्याने दोन्ही पाय झटकन पोटाशी ओढले आणि भिंतीकडे पाहून हात जोडले. "त्या बुढीले म्हना पाय सोड माहे," म्हणाला. "मायपेक्षा मोठी दिसते. मले पाप लागते."

मी म्हटलं इथं कोणतीच बुढी नाही, झोपून राहा. तो ऐकेना. म्हणे तिने घोट्यापाशी घट्ट धरलं होतं, बोटं चिरलेली होती, कापूस वेचणाऱ्या बाईची असतात तशी, पॅन्टच्या कापडाला अडकत होती. आणि म्हणत होती, "पडून राय, उठू नको." सर हसले, मीही हसले. मेंदूला रक्त कमी पडलं की माणूस स्वप्न पाहतो, त्यात नवल काय.

मग एक प्राध्यापिका आल्या. अकोल्याच्याच, पण बोलणं एकदम पुणेरी, हातात इंग्रजी पुस्तक. खांद्याची सुई. त्याही बेशुद्ध झाल्या. शुद्धीवर आल्यावर पाणी प्यायल्या, साडी सारखी केली आणि मला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या की तुमच्या त्या मावशींना सांगा, वयाने एवढ्या मोठ्या आहेत, त्यांनी माझे पाय धरायला नको होते, मला फार अवघडल्यासारखं झालं. मी म्हटलं, मॅडम, आमच्याकडे मावशी नाहीत. मी आणि सर, दोघंच. त्यांना वाटलं मी थट्टा करतेय. जाता जाता म्हणाल्या, त्यांच्या बोटांना व्हॅसलिन तरी द्या, किती चिरलीत. मी खुर्चीत बसून राहिले. काळी-पिवळीवाला आणि ही बाई जन्मात एकमेकांना भेटलेली असण्याची शक्यता नव्हती.

त्यानंतर अधूनमधून होतच राहिलं. मी स्वतःहून कुणालाही विचारायचं नाही असं ठरवलं होतं. नुसतं ज्यांना गरगरतं ते काही बोलत नसत. जे पूर्ण गेले, त्यांच्यातले बहुतेक सगळे डोळे उघडून आधी पायाकडे पाहत. तीच म्हातारी, तीच चिरलेली बोटं, तेच 'पडून राय.' आणि हे फक्त अकोल्यात. अमरावतीलाही लोक पडतात, पण ते उठून 'मी कुठे आहे' विचारतात, बाकी काही नाही.

मग मी चौकशी केली. तुम्हाला वाटत असेल आता त्या जागेत कुणी जळून मेलं होतं असं निघणार. काही निघालं नाही. आधी तिथे बियाण्याचं गोडाऊन होतं, त्याआधी शिवणक्लास, त्याआधी मोकळा प्लॉट. मालकाला विचारलं तर तो भडकला, खोली सोडायची असेल तर सरळ सांगा म्हणाला. खालचा मेडिकलवाला लहानपणापासून त्याच गल्लीत राहतो, त्यालाही काही माहीत नाही. मी सोडून दिलं. तिने धरलेल्यांपैकी कुणाचं वाईट झालं नव्हतं. सगळे उठून, चहा पिऊन, आपल्या पायांनी जिना उतरून गेले. मग कशाला उगाच खोदत बसा.

हे असंच राहिलं असतं तर मी इथे लिहायला आलेच नसते. पण मग माझ्या आईला नागीण झाली.

माझं माहेर तेल्हाऱ्याचं. आमचा भाजीचा मळा आहे, भाऊ करतो. आई बाजारात बसते. वांगी, मेथी, सांबार... बाहेरच्यांसाठी सांगते, आम्ही कोथिंबिरीला सांबार म्हणतो. बाई खमकी. गिऱ्हाईक भाव पाडायला लागलं की तिचं ठरलेलं, "राजा, दम खाय जरासा." आम्ही तापाने फणफणलो तरी हेच, आणि तळपायाला अंगठा गोल गोल फिरवत बसायची. अशी बाई. तिच्या डाव्या बाजूला छातीखालून पाठीपर्यंत नागीण उठली. शेजारणींनी गेरू लावला, आणि वर सांगून ठेवलं की नागिणीचं तोंड न् शेपूट जुळलं का मानूस जाते. फोड सुकले, खपल्या पडल्या, पण आग राहिली. पदर लागला तरी ती कळवळायची. पोलकं घालवेना. रात्र-रात्र भिंतीला टेकूही शकायची नाही, नुसती ताठ बसून. बाजार सुटला. आणि एक दिवस वहिनीचा फोन आला की आई देवाला म्हणतात, आता उचल. माझी आई! जिने वडील गेल्यावरसुद्धा तिसऱ्या दिवशी मेथीच्या जुड्या बांधल्या होत्या. मी फोन ठेवून ढसाढसा रडले आणि सरांना विचारलं. सर म्हणाले, घेऊन या, पाठीतून नसेला ब्लॉक देऊ, म्हणजे नस बधिर करणारं इंजेक्शन, आराम पडेल.

खरं म्हणजे अमरावतीला आणायला हवं होतं. पण तेवढा प्रवास तिला सोसवेना, अकोला जवळ. वहिनीला मी चार वेळा बजावलं, खाऊ घालून आण. आल्या आल्या आईला विचारलं, खाल्लं का. माझ्या डोळ्यात डोळे घालून म्हणाली, पोहे खाल्ले. नंतर कळलं, पोहे तिने वहिनीची पाठ फिरताच गाईला घातले होते. गुरुवार, त्यात आज एवढं मोठं काम, मग उपास कसा मोडायचा? जिची पोरगी दर गुरुवारी लोकांवर याच गोष्टीवरून ओरडते, तिची ही आई.

टेबलाच्या काठावर बसवलं, उशी कवटाळायला दिली. सर मागे, मी समोर, तिचे दोन्ही हात माझ्या हातात. सलाईनची सुई लावून ठेवली होती. सरांनी पाठ पुसली, भूल देणारी पहिली बारीक सुई टोचली, आणि आईने जांभई दिली.

मी 'सर' एवढंच म्हणाले. सुई बाहेर निघाली, आम्ही तिला आडवं केलं. चेहरा राखेसारखा. मॉनिटरवरची टिकटिक लांबत गेली, आणखी लांबली... आणि थांबली. पुढची टिक आलीच नाही. सर म्हणाले अ‍ॅट्रोपिन. नाडी वाढवायचं ते इंजेक्शन भरलेलंच होतं, मी सलाईनच्या नळीतून सोडलं. माझे हात आपले आपण काम करत होते, डोकं कुठे होतं देव जाणे. सर छातीवर हात ठेवून दाबायच्या तयारीत. मला आठवलं की पाय वर केले नाहीत. पायाखालची तिरकी उशी भिंतीला टेकून खाली उभीच होती. मी पायाकडे वळले.

पाय वर होते.

टेबलापासून हातभर वर, दोन्ही पाय जुळलेले, खाली काही नाही. लुगड्याचा काठ घोट्यावर चुरगळलेला, कुणी वरून मुठीत धरल्यावर चुरगळतो तसा. बेशुद्ध माणसाचे पाय हवेत राहत नाहीत हो. हे मी तुम्हाला कसं पटवू? मेलेल्यांचे, बेशुद्धांचे, भूल दिलेल्यांचे पाय मी जन्मभर उचललेत. त्यांना वजन असतं.

आणि आई बोलली. डोळे मिटलेले, मॉनिटर गप्प, आणि बाजारात शेजारणीशी बोलावं इतक्या सहज आवाजात. "तू कावून धरून राह्यली वं माय? मोठी आहे तू. थकली असशीन. जाय तू आता, मी धरतो."

टिक आली. मग दुसरी. मग लागोपाठ. सरांनी हात मागे घेतले. आईचे पाय खाली आले, धपकन नाही, एक ठेवला मग दुसरा ठेवला, असे. मी मध्ये कुठेच नव्हते.

त्या दिवशी पुढे काही केलं नाही. साखर तपासली, ओआरएस पाजलं, बिस्किटं खायला लावली, पोह्यांचा निकाल लागला. मी तिला इतकी बोलले, इतकी बोलले की वहिनी मध्ये पडली. आईने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, थे बाई कधीची उभी होती तिथं, तिले बसाले एक खुर्ची बी नाई ठेवली तुमी. मग टेबलावरून उतरली आणि त्या कोऱ्या भिंतीला वाकून नमस्कार केला. मोठ्या माणसाने आपल्या पायाला हात लावला तर उलटून पाया पडायचं असतं. तिने इतक्या लोकांचे पाय धरले, त्यांनी घाबरून ते ओढून घेतले, पाप लागतं म्हणाले. पण तिला थकलीस का असं आजवर कुणी विचारलं नव्हतं.

परतीच्या गाडीत मी सरांना विचारलं, तुम्ही आईचे पाय पाहिले का. ते रस्त्याकडे पाहत म्हणाले की मला वाटलं तुम्ही धरलेत. आईच्या बोलण्याबद्दल ते आजवर काही बोललेले नाहीत.

पुढचं मात्र चांगलं झालं. आईला मी माझ्या घरी अमरावतीला आणून ठेवलं, सकाळी समोर बसून पोळी-भाजी खाऊ घातली, सरांनी झोपवून ब्लॉक दिला. जांभईसुद्धा आली नाही. दोन-तीन वेळा दिल्यावर आग निम्मी झाली, मग नुसती चुणचुण, मग तीही गेली. दसऱ्याला तिने नवीन पोलकं घातलं आणि बाजारात जाऊन बसली. भावाने तिचा फोटो पाठवला, पुढे वांग्यांचा ढीग, हातात तराजू. मी क्लिनिकमध्ये सगळ्यांना पेढे वाटले. भिंत काय, म्हातारी काय, मला कशाशी काही घेणं राहिलं नव्हतं. आई मोकळी झाली होती.

मध्ये बरेच गुरुवार अकोल्यात कुणी पडलं नाही. मग एक वायरमन आला, तरणा, दंडावर हनुमान गोंदलेला. टाचेचं इंजेक्शन. सुई लागली आणि गेला. मी पाय उशीवर ठेवले, नाडी धरली. थोड्या वेळाने डोळे उघडून पायाकडे पाहत तो खुदकन हसला.

"मस्त आजी होती," म्हणाला. "तळपायाले अंगठा फिरवून राह्यली होती, गोल गोल. म्हने, राजा, दम खाय जरासा."

मी कधी विचारत नाही म्हटलं ना, त्या दिवशी विचारलं. बोटं चिरलेली होती का? तो म्हणाला नाही, पण हातांना सांबाराचा वास येत होता.

मी बाहेर गच्चीत जाऊन तेल्हाऱ्याला फोन लावला. वहिनी म्हणाली, आई झोपल्यात. भरदुपारी? अहो, बसल्या बसल्या जुड्या बांधत होत्या, एकदम मान खाली गेली. हाताच्या मुठी इतक्या आवळल्यात की जुडी सोडवता येईना. मी म्हटलं हलव तिला. तेवढ्यात आईच उठली, फोन घेतला, म्हणाली काही नाही वं, मनगटं भरून आली जराशी.

त्यानंतर दोनदा, तीनदा तसंच. अकोल्याच्या टेबलावर कुणी गेलं की तेल्हाऱ्यात आईची मान खाली. इथला माणूस उठला की तिकडे ती उठते. मग दुसरा अख्खा दिवस तिला हात उचलवत नाहीत, चहाचा कप वहिनी धरते. हृदय तपासलं, डोक्याचा स्कॅन केला, सरांनी स्वतः चिठ्ठी लिहून नागपूरच्या डॉक्टरांना दाखवलं. सगळं नॉर्मल. वयाच्या मानाने उत्तम म्हणाले. पण ती वाळत चाललीय. बाजारातल्या बाया वहिनीला विचारतात, बुढीले खाऊ घालता का नाही.

तेव्हापासून मी चक्करेच्या मागे हात धुऊन लागले. बुधवारी संध्याकाळी एकेका पेशंटला स्वतः फोन करते. अकोल्यात केळी, राजगिऱ्याचे लाडू, शेंगदाण्याची चिक्की ठेवते, उपासवाल्यांसाठी घरून साबुदाण्याची उसळ नेते, आणि घास गिळेपर्यंत समोरून हलत नाही. दोन ग्लास पाणी पाजते. ज्याला झोपवता येईल त्याला बसवू देत नाही. सुईचा ट्रे फडक्याखाली. नातेवाईक बाहेर. मुठी आणि मांड्या आवळून धरायला शिकवते, तेवढ्याने बीपी पडायचं वाचतं. सुई आत असताना सोयाबीनचा भाव, पोरीचं लग्न, काय वाट्टेल ते बोलत राहते. लोक म्हणतात अकोल्याची सिस्टर लय बोलते. बोलते बाबांनो. माझी आई आहे तिकडे.

चकरा एकदम कमी झाल्या. सर इतके खूश की डॉक्टरांच्या एका सभेत त्यांनी सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं, आमच्या सिस्टरांनी किती शिस्त लावली म्हणून टाळ्या वाजवायला लावल्या. मी उठून नमस्कार केला आणि खाली बसले. काय सांगणार होते त्या लोकांना?

पण 'कमी' म्हणजे 'बंद' नाही. मागच्या महिन्यात बाळंतपणानंतर माकडहाड धरलेली एक मुलगी आली. खाऊन आली होती, झोपवली होती, मुठी आवळल्या होत्या, सगळं केलं होतं. तरी गेली, आणि लवकर येईना. नाडी सरांकडे देऊन मी पहिल्यांदाच त्या भिंतीच्या फटीत शिरले. ग्लोव्हज काढून तिचे पाय हातात घेतले आणि कुणाला ऐकू जाणार नाही असं म्हणाले, आई, सोड, मी धरलेत. माझ्या हातांखाली आधीच काहीतरी होतं. गरम. मुलगी शुद्धीवर आली आणि म्हणाली, दोघीजणी कावून धरता?

दुसऱ्या दिवशी मी तेल्हाऱ्याला गेले. आई ओसरीत उन्हाला बसली होती, हात मांडीवर उताणे ठेवून. आम्ही या विषयावर तोवर एक अक्षर बोललो नव्हतो. मी शेजारी बसले, तिची मनगटं चोळली आणि म्हटलं, "आई, सोडून दे नं वं ते आता."

कोणतं ते, असं तिने विचारलं नाही. "सोडलं तं मंग त्याईले कोन धरीन?"

मी म्हटलं आम्ही आहोत ना, सर आहेत, औषध आहे. ती म्हणाली, "तुमी हात धरता. मानूस पायाकून जाते, शोभे." मी काकुळतीला आले, म्हटलं तुला काही झालं तर मी काय करू. तेव्हा म्हणाली, कोनी म्हनलं का सुटते. मले बी कोनी म्हनीन कधीतरी. आणि माझ्या केसांवरून हात फिरवायला गेली, तो अर्ध्यातच खाली आला.

हे काय आहे ते मला माहीत नाही. सरांना माहीत नाही, नागपूरच्या डॉक्टरांना माहीत नाही. ती पहिली म्हातारी कोण होती, किती वर्षं तिथे उभी होती, कुणीच सांगू शकलं नाही. आईने तिला 'जाय तू' म्हटल्यावर ती गेली, एवढं खरं. त्यानंतर ती कुणालाच दिसलेली नाही. कुठे गेली, तेही कुणाला ठाऊक नाही.

आईला सोडवायचं कसं हे मात्र आता मला माहीत आहे. 'तू जा, मी धरते' एवढंच म्हणायचंय. दर गुरुवारी त्या भिंतीपाशी उभी राहून मी तोंड उघडते. 'मी धरते' लगेच निघतं. आधीचे दोन शब्द माझ्या आईला माझ्याने म्हणवत नाहीत.